सासऱ्यांच्या जीपमध्ये मी घातलेलं तेल

नव्वदच्या दशकाच्या शेवटी लग्न होऊन मी नाशिकहून कोल्हापुरात आले. मंगळवार पेठेत घर, शहराबाहेर ऊस आणि उसाशेजारी सासऱ्यांचं गुऱ्हाळ. इकडच्या पद्धतीनं सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणायचं, एवढं मला पहिल्या दिवशी सांगितलं गेलं. दारातल्या जीपबद्दल मात्र कुणी काही सांगितलं नाही. त्या घरात ज्यांचा मान सांभाळायचा त्यांत तिसरी तीच होती, हे माझं मला कळलं.

डिझेलची, माझ्या नवऱ्याच्या शाळेपासूनची जीप. तिचं तेल मामा स्वतः निवडायचे. डबा उघडला की अंगठा आणि तर्जनी तेलात बुडवायची, बोटं हळूहळू लांब करायची आणि तार बघायची. गुऱ्हाळात काहिलीतल्या पाकाची तार बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. तीच परीक्षा त्यांनी इंजिनालाही लावली होती. "तेल कसं, काकवीगत पायजे," ते म्हणायचे. "धरून बसलं पायजे."

दोन-तीन वर्षांनी नवऱ्यानं छोटी पेट्रोल गाडी घेतली, नवी कोरी. पुस्तिकेत लिहिलं होतं, तेल टेन-डब्ल्यू-थर्टी. मामांनी त्या डब्यात बोट बुडवलं. तार धरायच्या आत तेल कोपरापर्यंत ओघळलं.

"हे तेल हाय का ताक?"

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. असा प्रश्न कानावर पडल्यावर गप्प बसणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी सांगितलं, "मामा, डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितकं गार असताना तेल लवकर वाहतं. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा. तो मोठा असला की तापल्यावरही तेल जाड राहतं."

"आनि कोल्हापुरात विंटर कवा आस्ती?"

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून दोन उंच परीक्षानळ्या आणल्या आणि सायकलच्या दुकानातून दोन छर्रे. एका नळीत जीपचं जाड तेल, दुसरीत गाडीचं पातळ, आणि दोन्ही नळ्या फ्रीझरमध्ये.

आत्यांनी दुपारी फ्रीज उघडला. "अगं, माझं लोणी हाय तितं! वंगण ठेवतीस व्हय शेजारी?"

संध्याकाळी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मी छर्रे सोडले. पातळ तेलातला छर्रा सरळ तळाला गेला. जाड तेलातला इतक्या आरामात निघाला की आत्या आत जाऊन चहात साखर घालून परत आल्या तरी तो मध्येच होता. मी विजयानं मामांकडे बघितलं. त्यांनी बशीतला चहा संपवला, मिश्या पुसल्या आणि विचारलं, "जीप काय फ्रीजमधी लावायची हाय का आपल्याला?"

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मला ते फार लागलं. आता सांगायला लाज वाटते, पण पुढचं सगळं त्या हसण्यामुळं झालं.

गुऱ्हाळाचा हंगाम सुरू झाला आणि मामा आठवडाभर तिकडंच राहिले. जीपचं तेल बदलायचं राहिलं होतं. नवरा कामात होता, म्हणून मी म्हटलं, मी नेते. शाहूपुरीत आमचे नेहमीचे मिस्त्री होते, सीमेकडच्या गावचे, बोलता बोलता मध्येच कानडीत शिरणारे. मी पातळ तेलाचा डबा पुढं केला.

"अक्का, हे नव्या गाडीचं," ते म्हणाले. "हिला जाडच पायजे. इंजान झिजलंय."

"मिस्त्री, मी फिजिक्स शिकवते," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. "तुमी म्हनताय तर घालतो की."

मामा परत आले. सकाळी जीप पहिल्याच फटक्यात सुरू झाली. एरवी ती चार वेळा खाकरायची. "काय जादू केली मिस्त्रीनं!" मामा म्हणाले, आणि मी भाजी निवडता निवडता मनातल्या मनात स्वतःचा सत्कार करून घेतला.

पुढच्या पौर्णिमेला आम्ही नृसिंहवाडीला निघालो. मामा जीप चालवत होते, शेजारी आत्या, मागं मी आणि नारळाची पिशवी. हातकणंगले ओलांडलं तेव्हा मागं पाहिलं तर आमच्या मागचा मोटरसायकलवाला दिसेनासा झाला होता. निळा धूर. मी पुन्हा पुढं तोंड केलं आणि देवाचं नाव घेतलं. जयसिंगपुरात उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं थांबावं लागलं, तेव्हा जीपच्या डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला. तेलाचा दाब कमी झाल्याचा तो दिवा. मामांनी इंजिन लगेच बंद केलं आणि रस्त्यावरच्या दोघा-तिघांच्या मदतीनं जीप ढकलत एका गॅरेजपुढं नेली.

गॅरेजवाल्यानं तेलाची पट्टी ओढून पुसली, परत घातली, परत ओढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. जे उरलं होतं ते पट्टीवरून पाण्यासारखं ठिबकत होतं.

"पावणं, हे कुनी घातलं?" त्यानं खणखणीत आवाजात विचारलं. "जुन्या इंजनात आसलं पातळ तेल घालत्यात व्हय? शान्या मानसाचं काम न्हाय हे!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "मीच घातलं की. वय झालंय आता, डबा चुकला."

आत्यांनी चमकून त्यांच्याकडं पाहिलं. ज्यांनी स्वतःची चूक कबूल केल्याचं माझ्या नवऱ्यानंही कधी ऐकलं नव्हतं, ते मामा भर रस्त्यात एका अनोळखी माणसाकडून मुकाट्यानं बोलणी खात उभे होते.

इंजिन निवेपर्यंत आम्ही समोर उसाचा रस घ्यायला बसलो. मला तो गिळवेना. "मामा, मी घातलं ते तेल," मी म्हणाले.

"ठावं हाय. मिस्त्री बाजारात भेटलता."

"मग तुम्ही बोलला का नाही? काढून का नाही टाकलं?"

त्यांनी रसातला बर्फ हलवला. "सकाळी झटक्यात सुरू झाली की गं. म्हटलं, पोरगी शिकल्याली हाय. आसंल बरोबर तिचं. बघूया."

मी तिथंच रडायला लागले. आत्या म्हणाल्या, "आता हिला गप करा. मी काय बोलनार न्हाय. माझ्या लोण्याचा वास आजून गेला न्हाय."

गॅरेजवाल्यानं पातळ तेल काढून जाड घातलं. दिवा विझला तो विझलाच. वाडीला पोचेपर्यंत आरती चुकली, पण दर्शन झालं. नदीच्या पायऱ्यांवर बसून मामांना मी समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता मलाही नीट समजलं. इंजिन झिजलं की आतल्या फटी रुंदावतात. पातळ तेल त्यांतून निसटतं, दाब धरत नाही, वर जाऊन जळतं. नव्या इंजिनाच्या फटी बारीक, तिथं जाड तेल वेळेवर पोचत नाही. माझा प्रयोग खोटा नव्हता. मी फक्त दोन इंजिनांचं वय विचारात घेतलं नव्हतं.

"म्हंजे दोगंबी बरोबर," मामा म्हणाले.

"तुम्ही जरा जास्त."

"ते हायच."

परतल्यावर त्यांनी गाडीची पुस्तिका मागून घेतली आणि मला मोठ्यानं वाचायला लावली. तापमानाच्या तक्त्यात आमच्या हवेला दोन-तीन प्रकारची तेलं, थोडी जाडसुद्धा, चालतील असं स्पष्ट छापलेलं होतं. ते पान मी आधी उघडलंच नव्हतं. मी तसं सांगितलं, आणि तेही मोठ्यानं.

त्यानंतर मामांनी एक नवीनच सुरू केलं. गुऱ्हाळावर कुणी विहिरीवरच्या इंजिनाचं किंवा मोटरसायकलचं तेल विचारलं, की ते म्हणायचे, "आमच्या सूनबाईला इचार. तिचा अभ्यास हाय." एका रविवारी माणसं खरंच दारात आली, एक जण तर जुनं तेल बाटलीत भरून घेऊन. मी त्याला आधी बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि विचारलं, "इंजिन किती वर्षांचं? धूर कसा येतो?"

मामा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. पेपरची सळसळ थांबली होती.