मैदानाचा नारळ

आमच्या मंडळाच्या कबड्डी संघात त्याला ठेवायचं की काढायचं, हे ठरवायला आम्ही पाच जण गावच्या सेवा सोसायटीच्या ओसरीवर बसलो होतो. धान निघाला होता, शेतातल्या बांध्या रिकाम्या झाल्या होत्या आणि आमच्याच गावची स्पर्धा आठ दिवसांवर आली होती.

तो म्हणजे आमचा चढाईचा गडी. त्याचा खेळ पाहायला लोक पंधरा वर्षं ट्रॅक्टर भरभरून यायचे. आम्ही दोघं एका वर्गातले. मी पस्तिशीत खेळणं सोडून संघाचा व्यवस्थापक झालो. तो अडतिसाव्या वर्षीही तुमसरच्या राइस मिलमधली पाळी संपवून, उजव्या गुडघ्याला पट्टा बांधून सरावाला यायचा.

"दुसऱ्या सामन्यात त्याचा गुडघा जाते," कर्णधार म्हणाला. "मंग तो खुर्चीवर, अन् आमी सहा जणं मैदानात."

"पण तो असला का समोरचे भेतात ना," अध्यक्ष म्हणाले. ते आमच्यात सगळ्यात वडील.

"भेत होते, काका. आता ते त्याच्या गुडघ्याकडंच पाह्यतेत. मांगच्या वर्षी पकड केली तं गुडघ्याचीच केली."

दोन जण ठेवा म्हणाले, दोन काढा. माझ्याकडे सगळे पाहू लागले. मी म्हणालो, "काढा. पाय राहिला नाही त्याचा."

हे वाक्य मी ज्या तोंडानं बोललो त्याचीच मला लाज वाटते. कारण तो पाय का राहिला नाही, हे त्या ओसरीवर फक्त मला माहीत होतं.

त्या बैठकीच्या दोन वर्षं आधी सरावात त्याचा गुडघा मुरगळला होता. भंडाऱ्याला नेऊन मीच एमआरआय करवून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याला मिलमधून सुटी मिळेना, म्हणून रिपोर्ट आणायलाही मीच गेलो. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, लिगामेंट अर्धं फाटलं आहे, तीन महिने मैदानात पाऊल टाकायचं नाही, खेळला तर पूर्ण जाईल. चार दिवसांनी अंतिम सामना होता. आम्ही तिथपर्यंत कधीच पोचलो नव्हतो. परतताना मी मिलच्या फाटकाशी गाडी थांबवली. अंगावर कोंडा घेऊन तो बाहेर आला.

"काय म्हणे डॉक्टर?"

"सूज आहे म्हणे. पट्टा बांधून खेळता येते."

"मंग काहून तोंड पाडून आला बे? मले वाटलं पायच कापतेत!" तो हसत आत गेला. रिपोर्ट माझ्या पिशवीत होता. त्यानं मागितला नाही.

तो सामना आम्ही जिंकलो. शेवटच्या चढाईत दोन गडी मारून तो मध्यरेषेवर पडला, आणि उठला तो कायमचा लंगडत.

काढायचं ठरलं, पण त्याला सांगायचं कोणी? सगळे म्हणाले, तुमीच सांगा. आठ दिवस मी उद्या सांगतो म्हणत राहिलो. शेवटी मला एक युक्ती सुचली. आमच्याकडे चुन्याची फक्की टाकून मैदान आखून झालं की नारळ फोडतात, आणि तो मान खेळणं सोडलेल्या जुन्या गड्याचा असतो. मला वाटलं, मान द्यावा, म्हणजे त्याला न बोलता समजेल आणि वाईटही वाटणार नाही.

तो जर्सी घालून, पट्टा बांधून आला होता. मी सगळ्यांसमोर नारळ त्याच्या हातात ठेवला. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, भाऊले नारळ देला रे!" हशा पिकला. कामावरून काढण्यालाही आपण नारळ देणंच म्हणतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खरं सांगायचं तर, आलं नव्हतं की येऊ दिलं नव्हतं, हे आज मला सांगता येत नाही.

तो हसला नाही. नारळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असं आहे का," एवढंच म्हणाला. एका घावात त्यानं नारळ फोडला, पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि खाली बसून गुडघ्याचा पट्टा सोडू लागला.

त्या वर्षी आम्ही त्याच्याशिवाय जिंकलो. निर्णय बरोबर होता, हे मी आजही म्हणेन. माझं पाप त्याच्या आधीचं होतं.

महिन्याभरानं रिपोर्ट घेऊन मी त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्यानं तो कागद उलटसुलट केला. आतून त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला. तो निवला तरी आमच्यापैकी कोणी कपाला हात लावला नाही.

"तवा सांगतलं असतं तरी मी खेळलोच असतो," तो म्हणाला. "पण मंग माहा गुडघा मी मोडला असता. आता तू मोडला."

मी मान हलवली. माफी मागायला गेलो होतो, ती मागता आली नाही.

पुढच्या वर्षीच्या बैठकीत नारळ कोणाला द्यायचा असं निघालं तेव्हा मी म्हणालो, "मले द्या." पोरं हसली. कर्णधारानं विचारलं, "तुमी कायले चालले? तुमचा गुडघा तं बरा आहे." डॉक्टर खरं काय म्हणाले होते आणि फाटकापाशी मी काय सांगितलं, ते मी त्यांना सांगितलं. मग कोणी हसलं नाही, आणि थांबा असंही कोणी म्हणालं नाही.

स्पर्धेच्या दिवशी माझ्या हातून पहिल्या घावात नारळ फुटला नाही. दुसऱ्यातही नाही. तो रेषेबाहेर खुर्चीत पाय लांब करून बसला होता.

"जोरानं हाण ना बे," तो म्हणाला.

तिसऱ्या घावात फुटला. पहिला तुकडा मी त्याच्यापुढे धरला. त्यानं तो घेतला. खाल्ला की नाही, हे पाहायला मी थांबलो नाही.