शेवटच्या पानावरचे गुण

उज्ज्वलाच्या नवऱ्याचा, श्रीकांतरावांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ते म्हणाले, "कुंदाताई, उज्ज्वला सकाळी गेली." दोन दिवसांपूर्वी शाळेतून येताना जिन्यात चक्कर येऊन पडली, मेंदूत रक्तस्राव झाला, मग शुद्धीवर आलीच नाही, असं त्यांनी सांगितलं. मी हो हो म्हणत राहिले. फोन ठेवला, उरलेली मेथी निवडून संपवली, धुतली, चाळणीत निथळत ठेवली आणि मग मुलाला म्हटलं, डोंबिवलीला जायचंय. ठाण्यातल्या खोपटहून डोंबिवलीपर्यंत मी वाटेतल्या दुकानांच्या पाट्या वाचत होते. त्या अजून लक्षात आहेत. तिचा चेहरा कसा दिसत होता ते मात्र आठवत नाही... आज याला सात आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर आपलाच गाल दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं चाललं आहे.

डोंबिवलीतल्या एका शाळेत आम्ही बावीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. ती मराठी शिकवायची, मी गणित. तिची एक खोड साऱ्या शाळेला ठाऊक होती. उत्तरपत्रिकेचे गुण ती पहिल्या पानावर लिहीतच नसे. शेवटच्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरात लिही. पालक तक्रार करत, मुख्याध्यापक चिडत, मी चेष्टा करत असे. ती म्हणायची, "मूल आकडा बघतं आणि पेपर मिटतं गं. आकड्यापर्यंत चालत जाऊ दे की त्याला." माझा कारभार याच्या उलट. पहिल्या पानावर लाल शाईत आकडा, भोवती गोल. पाव गुणाचाही हिशेब चोख. एकतीस वर्षांत माझा एकही पेपर फेरतपासणीत बदलला नाही, आणि याचा मला फार अभिमान होता. होता म्हणजे, फारच होता.

मी निवृत्त होऊन ठाण्याला मुलाकडे राहायला आले त्याच वर्षी हिने, पन्नाशी उलटलेली असताना, परदेशातल्या एका विद्यापीठात ऑनलाइन डॉक्टरेटला नाव घातलं. शिक्षणशास्त्रात, अभ्यासक्रम आणि मूल्यमापन हा विषय. स्टाफरूममध्ये सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: ही पदवी आपल्याकडे चालते का? ती शांतपणे म्हणाली, "मला कुठे ती चालवायची आहे? आपण इतकी वर्षं गुण देतो म्हणजे नक्की काय करतो, ते एकदा बघायचंय." घरात टेबलाला जागा नव्हती. गॅलरीत सासूबाईंचं पायाचं शिवणयंत्र होतं, त्याच्या झाकणावर लॅपटॉप ठेवून ती बसायची. मार्गदर्शक बाईंशी बोलणं पहाटे, नळाला पाणी यायच्या वेळेला. बोलताना हिचा पाय खालच्या पायट्यावर आपोआप हलायचा. एकदा त्या बाईंनी विचारलं म्हणे, तुमच्याकडे मागे कसला कारखाना चालतो? हे सांगताना ती इतकी हसली होती की चहा सांडला होता.

तिच्या प्रबंधासाठी बारा शिक्षकांनी पेपर तपासायचे होते. सातवा नंबर माझा. मोठ्या तोऱ्यात मी संमतीपत्रावर सही केली आणि नववीच्या भूमितीचे वीस गुणांचे दहा पेपर तपासून दिले. तीन महिन्यांनी तिने आणखी दहा आणून दिले. तेही तपासले. मग एके दिवशी ती निकालाचे कागद घेऊन ठाण्याला आली. दोन्ही वेळी एक पेपर तोच होता. पक्ष, साध्य, सिद्धता, एकूणएक पायरी तीच. पहिल्यांदा तो तिच्या भाचीने, प्राजूने, मोत्यासारख्या अक्षरात उतरवलेला होता आणि दुसऱ्यांदा गिचमिड. मी पहिल्याला सतरा दिले होते. दुसऱ्याला अकरा.

पहिल्याच पानावर ते दोन आकडे छापलेले होते. मी तेवढेच बघितले. मला एकदम माझ्या हाताखालून गेलेले सगळे गिचमिड पेपर आठवले. पण तोंडातून वेगळंच आलं. मी म्हटलं, "तू मला फसवलंस, उज्ज्वला." ती म्हणाली, आधी सांगितलं असतं तर तू सावध झाली असतीस, मग उपयोग काय? जाताना दारात चपला घालत तिने विचारलं, "शेवटचं पान बघशील ना?" मी म्हटलं, "बघायचं काही राहिलेलं नाही." आणि ते पिन मारलेले कागद कपाटात साड्यांखाली टाकून दिले.

यानंतर मी जे केलं ते आम्हां मास्तरणींनाच सुचावं. संमतीपत्रात एक कलम होतं, सहभागी व्यक्ती केव्हाही माघार घेऊ शकते. भांडायचं, अबोला धरायचा, ते सोडून मी तिला रीतसर ईमेल केली: माझी माहिती आपल्या अभ्यासातून वगळावी. उत्तरही रीतसरच आलं: आपली माहिती वगळण्यात आली आहे, सहभागाबद्दल आभार. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना त्या एकदाच 'आपण' म्हटलं. पुढे कानावर आलं की गणिताचे तीनच शिक्षक होते, त्यातली मी गेल्यावर तो भागच उभा राहीना, आणि मार्गदर्शक बाईंनी तो पुन्हा करायला सांगितला. तिचं एक वर्ष त्यात गेलं. हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडं बरं वाटलं. नंतर एका लग्नात भेटलो, बासुंदी छान झालीय म्हणालो, एवढंच.

ती गेली तेव्हा प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलं होतं. ते वर्ष फुकट गेलं नसतं तर ती डॉक्टर होऊन गेली असती. कुणीही मला हे बोलून दाखवलेलं नाही. मीच लिहिते आहे.

तेराव्यानंतर श्रीकांतरावांनी बोलावलं. गॅलरीतल्या कागदांतले कुठले ठेवायचे, कुठले रद्दीत द्यायचे, त्यांना कळत नव्हतं. शिवणयंत्रावर लॅपटॉप मिटून ठेवलेला होता. शेजारी खोक्यात फायली होत्या, प्रत्येक शिक्षकाची एक, वर नुसता नंबर. मी क्रमाने बघत गेले. पाच, सहा... सात. सातव्या फायलीत काहीच नव्हतं. मी सांगितलं तसं तिने सगळं काढून टाकलं होतं, पण फाईल होती तिथेच होती. आठव्याला पुढे सरकवून तिला तो नंबर देता आला असता. तिने दिलेला नव्हता. मी श्रीकांतरावांना म्हटलं, यातलं काही टाकू नका. चहा नको म्हणून निघाले.

घरी येऊन साड्या बाजूला केल्या आणि ते कागद काढले. नऊ पानं होती. मी एकेक उलटत गेले. शेवटच्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरात तिच्या हातचं होतं: "मी: एकच मराठी निबंध दोन अक्षरांत, पहिल्या वेळी १६, दुसऱ्या वेळी ७. प्राजूने मला न सांगता घेतलेली परीक्षा. यातूनच हा विषय सुचला. कुंदा, माझं तुझ्यापेक्षा वाईट आहे. रागावली असशील, तरी चहाला ये."

दीड वर्ष हे माझ्या कपाटात होतं.

रडू येईल असं वाटलं, आलं नाही. गेल्या रविवारी ते कागद घेऊन पुन्हा डोंबिवलीला गेले. श्रीकांतरावांना काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, एक राहिलेला कागद ठेवायचाय. सातव्या फायलीत नऊ पानं ठेवली, त्यावर संमतीपत्रावर केली होती तशी तारीख घालून सही केली. आता त्याचा उपयोग कुणालाच नाही, हे मला कळतं. मग तिच्या खुर्चीत बसले. या वेळी श्रीकांतरावांनी चहाचं विचारलं नाही, सरळ करूनच आणला आणि शिवणयंत्राच्या झाकणावर ठेवला. थोडा गोड झाला होता. मी तो सगळा प्यायले. कप खाली ठेवला तेव्हा लक्षात आलं, माझा पाय पायट्यावर होता आणि तो हलत होता.