तीनदा सांगायची रीत

आधी नाव सांगते, मग बाकीचं. महालिंगअप्पा वकील. नांदेडला उभी हयात काळ्या कोटात घालवलेले, मूळचे उदगीरकडचे, कपाळाला विभूती आणि बोलण्यात मधूनच कानडी. माझा भाऊ माधव आज जेलात आहे. तो अजून एका आशेवर दिवस काढतोय, आणि ती आशा त्याला अप्पांनी दिली. अप्पा मागच्या महिन्यात गेले.

मी तिकडं तामिळनाडूत तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात गळे शिवते. कामावर फोन जमा करावा लागतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो हातात आला, तर मनीषाताईंचे लागोपाठ फोन येऊन गेलेले. मनीषाताई म्हणजे अप्पांच्या हाताखालच्या वकीलबाई. मला वाटलं, वरच्या कोर्टाची तारीख लागली. जिन्यात पळत जाऊन फोन लावला आणि पहिलंच विचारलं, "ताई, लागली का?" त्या म्हणाल्या, "अप्पा गेले गं. सकाळी पूजेला बसले, ते उठलेच न्हाईत." लिंगायतांमध्ये माणसाला बसवून माती देतात. अप्पा बसल्या बसल्याच गेले. मूठभर माती टाकायला मला जाता आलं नाही, एवढ्या लांबून पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. त्या जिन्यात मी रडले, पण ते रडणं कुणासाठी होतं हे मला अजून सांगता येत नाही. अप्पांसाठी होतं, की आता माधवचं काय म्हणून...

आमचं गाव भोकरच्या पुढं, तेलंगणाच्या शिवेकडं. त्या हंगामात शेताशेतातून पाण्याच्या मोटारींच्या केबली चोरीला जात होत्या. केबल कापायची, आतलं तांबं काढून विकायचं. पिकाला पाणी द्यायच्या वेळी विहिरीवर जावं तर मोटार मुकी. माणसं नुसती पिसाळली होती. माधवचा आवाज दणदणीत, म्हणून मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावर पुकारायचं काम त्याच्याकडं आलेलं. कुणाची म्हैस सुटली, रेशनचा तांदूळ आला, कुणी वारलं, सगळं तोच सांगायचा. त्या दिवशी दिवेलागणीला दोघं धावत देवळात आले आणि म्हणाले, ओढ्याकडं पिकअप उभी आहे, मागं तांब्याच्या तारेची भेंडोळी आहेत. माधवनं माइक घेतला. "ओढ्याकडं पिकअप हाय. गाडी अडवा, सोडू नका." असं तीनदा बोलला. आमच्याकडं भोंग्यावर काहीही सांगायचं तर तीनदाच सांगतात. पहिल्यांदा सांगितलेलं भांड्याकुंड्यांच्या आवाजात जातं, दुसऱ्यांदा माणूस कान देतो, तिसऱ्यांदा त्याला कळतं. ही रीत कुणी लावली कुणाला ठाऊक नाही, आणि ती रीत आहे हेसुद्धा कधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

गाडीवर पोशट्टी नावाचा माणूस होता. तेलंगणातल्या निर्मळकडचा भंगारवाला. तार त्यानं एका दुकानातून रीतसर विकत घेतली होती, हे मागून कळलं. तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही. तो तेलुगूत काय सांगत होता ते कुणी ऐकलं नाही. माधव देवळातून ओढ्यावर पोचला तोवर माणूस खाली पडलेला होता. माधवनंच त्याला पाणी पाजलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून दवाखान्यात नेलं. तिथं पोशट्टी वारला. पोलिसांनी ज्यांनी मारलं त्यांना धरलं, आणि चिथावणी दिली म्हणून माधवलाही.

मी आठवीतून शाळा सोडलेली बाई. मला वाटायचं, ज्यानं हात उचलला त्याचा गुन्हा, बोलणाऱ्याचा काय? तिरुपूरहून सुट्टी काढून पहिल्यांदा अप्पांच्या हापिसात गेले तेव्हा मी हेच म्हणाले. मारा असं त्यानं म्हटलं का? नाही ना? मग सोडवून आणा. अप्पांनी चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं, "तुझ्या दारात कुत्रं हाय का?" मी म्हणाले, हाय. "पावणा आला. तू कुत्र्याला म्हणलीस, धर. कुत्र्यानं त्याची पोटरी फोडली. आता सांग, तुला काय पायजे होतं? पावणा दारात थांबावा, का त्याची पोटरी फुटावी?" मी म्हणाले, थांबावा एवढंच. "हाव. पण ते तुझ्या पोटात हाय, पोरी. जजसाहेबाला तुझं पोट दिसत न्हाई. तुझा शब्द दिसतो आणि फुटलेली पोटरी दिसते. त्या दोन्हीवरून त्यांना तुझं पोट वाचायचं असतं. पोटात वाईट निघालं तर शिक्षा जबर, न्हाई निघालं तर सुटका, आणि मधलं काही निघालं तर मधलं." मग हसून म्हणाले, कुत्र्याला आधी बांधून ठेव, मी कधी येईन सांगता येत न्हाई.

मधलंच निघालं. कुणाच्या तरी मोबाइलमध्ये ओढ्यावर पिकअप दिसली तिथपासून मारहाणीपर्यंतचं चित्रण होतं, आणि त्यात सुरुवातीलाच मागून माधवचा आवाज येत होता. तीनदा. सरकारी वकिलांनी ते कोर्टात वाजवलं आणि म्हणाले, ज्याला नुसती खबर द्यायची असते तो एकदा सांगतो. सोडू नका, सोडू नका, सोडू नका असं जो म्हणतो, त्याला आग भडकवायची असते. मी मागच्या बाकावर बसले होते. माझ्या ओठांवर आलं होतं की अहो, आमच्याकडं म्हैस हरवली तरी तीनदाच सांगतात... पण तिथं आपल्याला बोलता येत नाही.

बाहेर आल्यावर मी ते अप्पांना सांगितलं, आणि केस या तीनदावरच अडणार हे त्यांनी त्याच दिवशी ओळखलं. गावातल्या कुणीतरी येऊन शपथेवर एवढंच सांगावं, की आमच्याकडं तीनदा पुकारायची रीत आहे. बास. त्यासाठी मी घराघरात फिरले. ज्यांची नावं केसमध्ये होती त्यांचा प्रश्नच नव्हता. ज्यांची नव्हती ते म्हणाले, साक्ष द्यायला गेलो तर तू तिथं होतास का म्हणून आम्हालाच विचारतील. एका चुलत्यानं तर दारातूनच सांगितलं, "रीत-बीत काय न्हाई बाई. आम्ही भोंगा ऐकतच न्हाई." आणि तो बोलत असतानाच भोंगा सुरू झाला, सोसायटीच्या खताचं काहीतरी. चुलता तिसऱ्यांदा पुकारेपर्यंत थांबला आणि मग चप्पल घालून खताला निघून गेला. मी हे अप्पांना सांगितलं तेव्हा ते लई हसले. हसता हसता डोळे पुसले, आणि म्हणाले, होगली बिडु. म्हणजे जाऊ दे. हे त्यांचं नेहमीचं होतं, पण त्यांनी कधी काही जाऊ दिलेलं मी पाहिलं नाही.

साक्ष झाली नाही. ज्यांनी मारलं त्यांना जन्मठेप झाली. शिक्षा सुनावायच्या आधी अप्पा माधवसाठी बराच वेळ बोलले. यानं काठी घेतली नाही, जखमी माणसाला यानंच दवाखान्यात नेलं, मारायचं मनात असतं तर नेलं असतं का. सरकारी वकील म्हणाले, भ्याला म्हणून नेलं. कोर्टानं म्हटलं, जीव घ्यायचा याचा हेतू दिसत नाही, पण माणसं भडकलेली आहेत हे याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून तो पुन्हा पुन्हा तेच बोलला. सात वर्षं. एकाच सांजेची गोष्ट, पण प्रत्येकाच्या पोटातलं वेगळं वाचलं गेलं आणि त्यावर वर्षं ठरली. कुणी म्हणालं, सुटलात, जन्मठेप वाचली. माधवनं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "अक्का, मी काय म्हणायला पायजे होतं गं?"   भोंगा लागला की आई घरात जाऊन दार लावून घेते.

वरच्या कोर्टात अपील केलं. जामीन काही मिळाला नाही. तेव्हा अप्पांना धाप लागायची, जिना चढवत नव्हता. तरी एका सकाळी ते मुदखेडला कुणाच्या लग्नाला म्हणून निघाले आणि थेट आमच्या गावात जाऊन देवळाच्या पायरीवर बसले. दिवसभर बसले. लसीकरणाचं पुकारलं ते ऐकलं, लाइट जाणार आहे ते ऐकलं. मग आमच्या घरी भाकरी खायला आले आणि आईला म्हणाले, माउली, घरात जुनं काही वाजवायला हाय का? लेकीच्या लग्नाची शूटिंग वगैरे? आईनं ट्रंकेतून माझ्या लग्नाची सीडी काढून दिली. केसच्या किती आधीची. अप्पांनी ती नांदेडला नेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. मला फोन केला तेव्हा आधी माझ्या नवऱ्याच्या मिशीची चेष्टा केली, लग्नात होती तेवढी आता हाय का म्हणून. मग आवाज बदलला. "पोरी, अक्षता पडल्यावर भोंग्यावर कोण बोलतंय ते ठाऊक हाय का? तुझा माधव. वऱ्हाडी मंडळींनी जेवायला बसावं. किती वेळा म्हणला?"

तीनदा. मी ती सीडी किती वेळा पाहिली असेल, पण आपण आपल्या लग्नात आपलं तोंड बघतो. भोंगा कोण ऐकतं?

ती सीडी नवा पुरावा म्हणून घ्यावी असा अर्ज अप्पांनी केला. कोर्ट घेईलच असं नाही, हे त्यांनी मला साफ सांगितलं होतं. एवढ्या उशिरा आणलेला पुरावा घेताना कोर्ट सतरा वेळा विचार करतं. घेतलं तरी सरकारी वकील म्हणतील, जेवायला बोलावणं वेगळं आणि जमावाला बोलावणं वेगळं. त्यावर काय बोलायचं ते अप्पांनी मनात रचून ठेवलं होतं. मनीषाताई म्हणतात, "थोडं त्यांनी मला सांगितलं होतं, बाकीचं त्यांच्याबरोबर गेलं." मनीषाताई हुशार आहेत, रात्रंदिवस केस वाचत आहेत. पण त्यांच्या आवाजात मला माझीच भीती ऐकू येते. मशीनवर सुई चालू असते आणि माझ्या डोक्यात एकच. अर्ज घेतला नाही तर? घेतला आणि मानला नाही तर? माधव बाहेर येईल तेव्हा आई असेल का?

अप्पांशी शेवटचं बोलणं झालं ते एका रविवारी. मी रडून राहिले होते. म्हणाले, अप्पा, त्याच्या मनात काही नव्हतं हो. हे सगळ्यांना कसं सांगू? निर्मळला त्या पोशट्टीची आई हाय म्हणतात, एकटी. मी तिच्याकडं जाऊन पाय धरू का? तिला सांगू का, माझ्या भावाच्या मनात नव्हतं म्हणून?

फोनवर मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"आत्ता जाऊ नको. आत्ता गेलीस तर म्हणतील, दबाव टाकायला आली. निकाल लागू दे. सुटला तरी जा, न्हाई सुटला तरी जा. आणि मनात नव्हतं हे तिला सांगू नको. ते कोर्टाला सांगायचं असतं. त्या माउलीला त्याचं काय करायचंय? तिचं लेकरू तर गेलंच ना."

मी विचारलं, मग जाऊन काय बोलू?

"काही बोलू नको. बसून ये. फी राहिलीय माझी, ती म्हणून जा."

अप्पा, निकाल अजून लागलेला नाही. कधी लागेल ते मनीषाताईंनाही सांगता येत नाही. मला तेलुगू येत नाही, त्या माउलीनं दारातून हाकललं तर परत कुठल्या तोंडानं फिरायचं तेही ठाऊक नाही. लई भ्या वाटतं. पण निकाल काहीही लागो, त्यानंतर मी तिरुपूरहून निघेन, आधी नांदेडला तुमच्या समाधीवर माथा टेकेन आणि तिथून निर्मळची गाडी धरेन. त्या बाईच्या अंगणात जाऊन बसेन. ती म्हणेल तेवढा वेळ बसेन. तुमची फी मी तिथं देईन, अप्पा.