समुद्राकडची भिंत

त्या दुपारी देवावरचा माझा विश्वास पार उडाला होता, हे आधीच सांगतो. पोरगा बोट घेऊन समुद्रात, अवकाळी वादळ उठलेलं, त्याचा फोन लागेना. आणि आदल्या दिवशी मी लावलेला चुना पावसात धुऊन जाणार!

डहाणूच्या आमच्या किनाऱ्यावर, वस्तीपासून लांब, खडकाच्या टेकाडावर एकटंच जुनं चर्च आहे. माझा बाप सांगायचा, गलबतात भार म्हणून घातलेले दगड उतरवून ते बांधलं. त्याचं आढं म्हणजे फुटक्या गलबताची डोलकाठी. दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. घंटा बाहेर, उंडीच्या झाडाला. समुद्राकडच्या भिंतीला खिडकीच नाही. तिला दर साल शिंपल्यांचा चुना लावायचं काम आमच्या घराचं. आम्ही हिंदू, पण ती पांढरी भिंत समोर धरूनच खडकांमधली वाट सापडते.

यंदा पोरगा म्हणाला, "बा, जीपीएस आहे. या वयात कशाला शिडीवर चढतोस?"

मी म्हटलं, "मग त्या यंत्रालाच विचार, तुझा आजा घरी कसा यायचा." आणि चढलो.

ओला चुना मळकट दिसतो, वाळला की पांढरा होतो. तो वाळायच्या आतच हा पाऊस. भिजत टेकाडावर गेलो. चर्च सांभाळणारी मार्थाबाय आत मेणबत्ती लावत होती. मी तिच्यावरच तणतणलो, की तुझ्या देवाला एक दिवस थांबता आलं नाही.

ती शांतपणे म्हणाली, "नाखवा, भिंत बघितलीस का?"

नव्हती बघितली. मागे धावलो तर भिंत कोरडी! वारा जमिनीकडून होता, सगळा पाऊस पलीकडच्या भिंतीवर आपटत होता. तेवढ्यात मावळतीकडचे ढग फाटले, उन्हाची तिरीप थेट भिंतीवर पडली आणि ती अशी पांढरीफटक उजळली की माझेच डोळे दिपले. मार्थाबाय घंटा बडवत सुटली. मी वेड्यासारखा पागोटं हलवत होतो. खडकांच्या पलीकडे आमच्या बोटीचं नाक दिसलं, सरळ भिंतीकडे वळलेलं.

पोरगा वर आला. यंत्र दुपारीच बंद पडलं होतं. त्यानं भिंतीवर हात टेकवला. तळवा पांढरा झाला. म्हणाला, "बा, पुढच्या साली शिडी मी धरतो."

मी कोणापुढे मान तुकवणारा माणूस नाही. पण त्या बुटक्या दारातून आत गेलो आणि बराच वेळ तसाच वाकून राहिलो. चुना मी लावला, हे आजही ताठ मानेनं सांगतो. वारा मात्र मी वळवला नव्हता.