ओंडक्यातले खिळे

२०२१ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. पुरानं घराचं दार नेलं. तवा कोयनेतून वाहत आलेला एक ओंडका दोरानं ओढून अंगणात आणला, आणि नव्या दारासाठी हातानं फळ्या पाडायला लागलो. चौथ्या दिवशी हात पार गळून गेले.

वाटेनं जाणारा एक अनोळखी म्हातारा थांबला. ओंडक्यावर उघडा तळहात फिरवत गेला. "आवं, हितं खिळा हाय. लोकांनी नवसाला खिळे ठोकलेलं झाड दिसतंय."

"मला शिकवू नगा," म्हणत मी करवत ओढली. करवतीचे दोन दात तुटले.

तो हसला नाही. "माझेबी असेच तुटले हुते," एवढंच बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी बघत नाही असं पाहून, मी ओंडक्यावर उघडा तळहात सावकाश फिरवला. आणखी तीन खिळे सापडले.