बर्फ उडवणाऱ्या मशीनची तार

मी भित्रा माणूस आहे. गॅसचा खटका झोपण्याआधी दोनदा बघतो. लिफ्टमध्ये गर्दी झाली की पुढच्या लिफ्टने जातो. दुबईत, अल मनखूलमधल्या आमच्या दोन खोल्यांत यावरून माझी रोज थट्टा होते. मुलगी म्हणते, "बाबा, यू आर स्केअर्ड ऑफ एव्हरीथिंग." मी तिला मराठीत सांगतो की भित्यापाठी ब्रह्मराक्षस हे खरं, पण भित्याची बोटं तरी शाबूत राहतात. ती कानांत हेडफोन घालते.

बोटांचं माझ्या डोक्यात लहानपणी बसलं. आमच्या गावाच्या एस.टी. स्टँडवर एक रसवाला होता. एकदा उसाबरोबर त्याचा पंजा चरकात गेला. मी ग्लास हातात धरून समोरच उभा होतो. त्यानंतर मी मशीन दुरुस्तीच्या धंद्यात कसा आलो हे विचारू नका. पोट माणसाला कुठेही नेतं.

दुबईतल्या एका मॉलमधल्या बर्फघरात मी देखभालीचं काम करतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत उणे चार. मुलं आत येऊन बर्फ तुडवतात, घसरतात, दहा मिनिटांत रडतात आणि आईबाप फोटो काढतात. छताची यंत्रं रात्रभर बर्फ पाडतात, पण ते सगळं एका कोपऱ्यात साठतं. सकाळी मॉल उघडायच्या आधी फावड्यांनी ते सगळीकडे पसरावं लागतं. कंबर मोडायचं काम आहे ते.

माझ्याबरोबर फिटर म्हणून चाचा होते. रत्नागिरीच्या खाडीकाठचे, साठीला टेकलेले. मी सोडून सगळे त्यांना घाबरत, आणि मी त्यांना सोडून सगळ्यांना घाबरत असे. नवा माणूस कामावर आला की चाचा दोन्ही पंजे त्याच्या तोंडासमोर धरत. "तीस वर्षं मशीनमध्ये हात घालतोय. मोज." तो बिचारा मोजायचा. दहा.

त्यांची कामाची पद्धतच वेगळी होती. पाना हातात घेण्याआधी ते हातमोजा काढून उघडा तळवा मशीनवर ठेवत आणि थोडा वेळ गप्प राहत. मग म्हणत, बेअरिंग गेलंय. आणि बेअरिंगच गेलेलं असे. "मोजा घातला की मशीन बोलत नाय," असं ते म्हणत.

अलीकडे मात्र ते विसरू लागले होते. चष्मा कपाळावर आणि शोध सगळीकडे, इतपत चालून जातं. पण एकदा एक व्हॉल्व्ह त्यांनी बंद केला आणि दहा मिनिटांनी पुन्हा बंद करायला गेले. परत येताना त्यांचा चेहरा मी पाहिला. त्या दिवशी चहा पिताना ते म्हणाले, "डोकं गेलं ना, की मी एक दिवस थांबणार नाय. हात जायच्या आधी घरी जाईन." मी म्हटलं, काहीतरीच काय चाचा.  पण ते गेले तर मला या मशीनच्या जंगलात एकट्याने उभं राहावं लागणार होतं.

त्या जुलैत मॅनेजरना चिलर रूमच्या मागे ताडपत्रीखाली एक स्नो ब्लोअर सापडला. बर्फ उडवायचं विजेचं मशीन. बर्फघराबरोबरच परदेशातून आलेलं असणार, आणि मग कोणी ढुंकून पाहिलं नसेल. पुढे रुंद तोंड, तोंडात फिरत्या पात्यांचा दांडा, ज्याला आम्ही रोळ म्हणतो, वर बर्फ फेकायचं नळकांडं, मागे ढकलायची मूठ. मुठीवर एक खटका, तो दाबून धरला तरच रोळ फिरणार, सोडला की बंद.

"गर्दी शुरू होने से पहले ये चालू होना मंगता है," मॅनेजर म्हणाले. मी त्या तोंडाकडे पाहिलं आणि मला तो उसाचा चरक आठवला.

दोन आठवडे आम्ही त्याच्या मागे होतो. पट्टा कुजला होता, बेअरिंग जाम, कपॅसिटर फुगलेला. देरा बाजारातल्या चार दुकानांत फिरून मी सुटे भाग आणले. ज्या सकाळी ते पहिल्यांदा फिरलं तेव्हा आम्ही मॉलच्या मागे, माल उतरवायच्या जागेत होतो. भट्टीसारखी हवा. चाचांनी दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून मुठीवरचा खटका बारीक तारेने बांधून ठेवला आणि रोळाचा आवाज ऐकत बसले. थोड्या वेळाने मशीन आपोआप बंद पडलं. मी म्हटलं, जळली मोटर. चाचांनी तळवा ठेवला. "जळली नाय. तापली. आतच सोय आहे, तापली की बंद, निवली की चालू."

आम्ही वाट पाहत करक, म्हणजे इथला कडक चहा घेतला. खटका तारेने दाबलेलाच होता, त्यामुळे बरोबर अर्ध्या तासाने ते स्वतःहून धडाडून सुरू झालं आणि माझा चहा माझ्या शर्टावर सांडला. चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवशी आणखी तीनदा तसंच झालं, आणि प्रत्येक वेळी अर्धा तास लागला. मग चाचांनी तार बांधायची कशी ते मला शिकवलं. दोन पीळ, तिसरा उलटा, टोक आत दुमडायचं. आत नेण्याआधी त्यांनी स्वतःच्या हाताने ती तार काढली आणि हत्यारांच्या पेटीत टाकली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवतो.

बर्फघरात पहिल्यांदा मशीन चालवायचं होतं त्या सकाळी मॅनेजर जॅकेट चढवून बघायला आले. मूठ माझ्याकडे दिली होती. जाड हातमोज्यातून तो कडक खटका धरवेना. बोटं बधिर झाली, खटका सुटला, मशीन थांबलं. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. "डर लगता है तो किसी और को देते हैं," मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाले. चाचा तेव्हा कोपऱ्यात ढीग फोडत होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती.

मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या भीतीचा राग आला. मी चाचांच्या पेटीतून तार काढली, खटका बांधून टाकला आणि मशीन ढकलत निघालो. बर्फ नळकांड्यातून उंच उडून पलीकडे पडू लागलं. मॅनेजरनी अंगठा वर केला. मला फार बरं वाटलं.

पाचेक मिनिटांत रोळात गोठलेलं ढेकूळ अडकलं. मोटर कण्हली आणि बंद पडली. चाचा आले, त्यांनी मोजा काढला, तळवा ठेवला. "तापली. अर्धा तास हाय आपल्याला."

"मी प्लग काढून येतो," मी म्हटलं. प्लग दाराजवळ होता, पंचवीसएक पावलांवर.

"अरे बंद तो पडा है," मॅनेजर हसले. "प्लग क्या निकालना? आप भी ना!"

"राहू दे रे, यल्ला, चल आटपू," चाचा म्हणाले.

एरवी मी कोणाचं ऐकलं नसतं. लोक हसले तरी मी प्लग काढतोच. त्या दिवशी मात्र मी शूर झालो होतो, म्हणून जागचा हललो नाही. मॅनेजरांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले.

चाचा गुडघ्यावर बसले. डावा तळवा त्यांनी मशीनच्या पत्र्यावर ठेवला आणि उजवा हात त्याच्या तोंडात घातला, कोपरापर्यंत. मी मुठीवर हात ठेवून उभा होतो. हाताखाली तार होती. ती मला ठाऊक होती. चाचांना ठाऊक नव्हती. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, अर्धा तास आहे.

तो अर्धा तास बाहेरच्या उन्हातला होता. इथे उणे चार होतं. मोटर निवायला तीन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

आधी मुठीत नुसती थरथर आली. ढेकूळ अडकलेलंच होतं, त्यामुळे रोळ फिरेना, मोटर आतल्या आत गुरगुरत होती. ढेकूळ सुटण्याचाच काय तो अवकाश. मला ओरडायचं होतं. दातखीळ बसली.  चाचांच्या बनियनचा गळा जॅकेटातून दिसत होता आणि मी तो बघत राहिलो, एवढंच मी केलं.

चाचांच्या डाव्या तळव्याला ते कळलं. त्यांनी उजवा हात असा खेचला की ते पाठीवर पडले. त्याच क्षणी ढेकूळ फुटलं आणि रोळ धडाडून फिरला. बर्फाचा फवारा छतापर्यंत गेला.

त्यांचं एक बोट खरचटलं होतं. बाकी काही नाही. ते उठले, दारापर्यंत चालत गेले, प्लग काढला, परत आले आणि मुठीकडे पाहिलं. बराच वेळ त्या तारेकडे पाहत राहिले. दोन पीळ, तिसरा उलटा, टोक आत दुमडलेलं. त्यांच्याच हातचं वाटावं असं.

"ही मी काढली नव्हती काय रे?" त्यांनी मला विचारलं.

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. इतकं सोपं होतं ते, आणि मी मूग गिळून बसलो. त्यांनी तार सोडवली आणि खिशात ठेवली.  

पुढचे तीन दिवस मी ज्या भीतीत काढले तशी भीती कुठल्या मशीनने मला घातली नाही. सांगितलं तर रिपोर्ट होईल, नोकरी जाईल, नोकरीबरोबर व्हिसा, मुलीची शाळा. हे सगळं मी मनात शंभरदा घोळवलं. आणि रोज चाचा माझ्यासमोर थोडे थोडे म्हातारे होत होते. त्यांनी मशीनवर तळवा ठेवणं सोडलं. एका चिठ्ठीवर ते केलेलं प्रत्येक काम लिहू लागले, व्हॉल्व्ह बंद, झाकण लावलं, पेटी बंद. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "उद्या सरांना सांगतो, मला घरी पाठवा. खलास. तार बांधून विसरलो मी. स्वतःची तार!" खरचटलेलं बोट ते अंगठ्याने चोळत होते.

त्या रात्री झोपण्याआधी मी गॅसचा खटका बघायला उठलो. मुलगी अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, "इट्स ऑफ, बाबा. यू ऑलरेडी चेक्ड. आय सॉ यू."

मी स्वयंपाकघराच्या दारात थांबलो. मला सांगणारं कोणीतरी होतं की तू बघितलंस, मी पाहिलं. चाचांनी तार काढली हे पाहिलेला या जगात एकच माणूस होता, आणि तो तोंड शिवून बसला होता. मला माझी लाज वाटली. रात्रभर झोप लागली नाही, आणि सकाळी मी पहिल्या बसने निघालो.

माल उतरवायच्या जागेत चाचा एकटेच उभे होते. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी तार काढली होती हे, मी ती पेटीतून घेतली हे, का घेतली हेही.  त्यांनी खिशातून तीच तार काढून माझ्या हातावर ठेवली.

"बांध."

मी समोरच्या ट्रॉलीच्या दांड्याला ती बांधली. पीळ बरोबर पडले. चाचांनी वाकून पाहिले, बोटाने चाचपले.

"म्हणजे मी काढली होती," ते म्हणाले.

"हो चाचा. मी पाहिलं होतं."

त्यांनी डोळे मिटले. छातीतून मोठा श्वास सोडला आणि तोंडावरून दोन्ही हात फिरवले. माझाही जीव भांड्यात पडला. वाटलं, सुटलो. मग त्यांनी डोळे उघडले.

"तीन दिवस?" एवढंच त्यांनी विचारलं.

"घाबरलो होतो," मी म्हटलं. 

मॅनेजरकडे आम्ही दोघे गेलो. मला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. नियम झाला की मशीनच्या तोंडात हात जायच्या आधी प्लग काढून एका माणसाने तो हातात धरून उभं राहायचं. तो माणूस मीच. सगळ्यांना ते योग्यच वाटलं, भित्र्यासाठी बनवलेलं काम.

चाचा अजून कामावर आहेत. चिठ्ठी त्यांनी फाडून टाकली. नव्या माणसांना पंजे दाखवतात, दहा मोजायला लावतात, माझी थट्टाही करतात. मशीन रोज सकाळी चालतं, ढेकूळ रोज अडकतं. मी दारापर्यंत जातो, प्लग काढतो, हात वर करून ओरडतो, "काढला, चाचा!"

पूर्वी दुसरी मशीनं दुरुस्त करताना मी असं ओरडलो की ते वर न बघता हात घालत. आता ते उठतात, मान वळवून माझ्या हातातला प्लग बघतात, आणि मगच मोजा काढतात.