जपून ठेवलेला दात

तिचं नाव मला ठाऊक नाही, कारण आमच्या फॉर्मवर फक्त नंबर असतो. मीरा रोडच्या आमच्या दवाखान्यात ती वर्षातून दोनदा उत्तनहून बस बदलत यायची. हाडात स्क्रू घालून बसवलेल्या दातांवर इथे संशोधन चालतं आणि मी रुग्णांना विचारून फॉर्म भरते. पूर्वी प्रत्येक दवाखाना आपापल्या पद्धतीने तपासायचा; आता सगळीकडे एकच फॉर्म आहे. हाड झिजलं का, हिरडी सुजली का, दात हलतो का, दुखतो का.

तिचं सगळं उत्तम होतं. इतका चकचकीत दात दुसऱ्या कुणाचाच नव्हता. तरी ती पदर मुठीत घट्ट धरून बसायची आणि माझं पेन थांबलं की दचकायची.

त्या दिवशी मी तिला चहासोबत खारी दिली. तिने ती चहात पार मऊ केली आणि डावीकडून खाल्ली. नवा दात उजवीकडे होता.

"मावशी, या दाताने चावत नाही?"

डॉक्टरांच्या दाराकडे बघत ती हळूच म्हणाली, "न्हाय बाय, एकदापण न्हाय. मोडला तं? तुमचा कागद खराब होईल ना!"

मी आधीच 'यशस्वी' लिहिलं होतं. मी फॉर्म पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. हा प्रश्न फॉर्ममध्ये कुठेच नव्हता.

तिच्यानंतर एक काका आले. हाड छान, हिरडी छान. मी पेन खाली ठेवलं. "काका, या दाताने चावता ना?"

उत्तर देण्याआधी त्यांनीही डॉक्टरांच्या दाराकडे पाहिलं.